सात नंबरच्या प्रेसवरचा बेडूक

थान आशिंगने फूयोउ रस्त्यावरच्या रविवारच्या बाजारात आजवर तीन माणसांना ठोकलं होतं आणि तिन्ही वेळा भांडणाचं कारण एकच होतं, चावीचा पत्र्याचा बेडूक. एका आन्हवेइ प्रांतातल्या फेरीवाल्याचा दात पाडला. एका शिक्षकाचा चष्मा पायाखाली चुरडला, तोही बिचाऱ्याच्या नाकावरून ओढून काढून. तिसऱ्याचं विचारूच नका, तो अजून आशिंग दिसला की रस्ता बदलतो. पंचावन्न वर्षांचा माणूस, घरी बायको, लग्न झालेली लेक, शाळेत जाणारी नात, आणि वागणं असं! बाजारातले लोक तो लांबून दिसला की हाकारे घालायचे, "आला रे आला, बेडूक झाका!"

शांघायमध्ये तेव्हा जुनी पत्र्याची खेळणी जमवणाऱ्यांचं पेव फुटलं होतं. सत्त्याण्णव साल. खेळण्यांच्या सरकारी कारखान्याला टाळं लागून तीन वर्षं झालेली, प्रेस भंगारात वजनावर गेलेले, आणि जी खेळणी पोरांनी आपटून आपटून फेकून दिली होती त्यांच्यासाठी हाँगकाँगचे आणि जपानचे शेठ विमानाने येत होते. दाणे टिपणारी कोंबडी, टेबल-टेनिस खेळणारे दोन भाऊ, ठिणग्या उडवणारं रॉकेट. खोका असेल तर जास्त भाव, खोक्यावर कारखान्याचा नंबर असेल तर आणखी जास्त. जमवणारे लोक खेळणं तान्ह्या पोरासारखं हाताळायचे. आणि हा आशिंग? बेडूक विकत घ्यायचा, तिथेच फुटपाथवर उकिडवा बसायचा, खिशातून स्क्रू-ड्रायव्हर काढायचा आणि पोटाखालच्या, पत्रा दुमडून केलेल्या चार जिभल्या सरळ करून बेडूक फाडायचा. आतली, स्प्रिंग धरून ठेवणारी पट्टी उलटीसुलटी करून बघायचा, कडेवरून अंगठा फिरवायचा, आणि मग दोन्ही तुकडे वर्तमानपत्रात गुंडाळून पिशवीत टाकायचा. एकदा जिभली वाकवली की खेळण्याची किंमत गेली, हे शेंबड्या पोरालाही कळतं. म्हणून त्याला बाजारात खाटीक म्हणायचे.

पण या खाटकाला पत्र्यातलं जेवढं कळत होतं तेवढं त्या सगळ्या शेठ लोकांना मिळून कळत नव्हतं. बोलायला लागला की ऐकत राहावं. एकोणपन्नासच्या मुक्तीच्या आधी गल्लीबोळात पायाने दाबायचे, पायट्याचे प्रेस होते, रॉकेलचे आणि बिस्किटांचे जुने डबे कापून त्यांची खेळणी व्हायची. त्या काळातली मोटार उघडली तर आतून साहेबी बिस्किटांची अक्षरं दिसतात. छप्पन साली अशी चौदा दुकानं एकत्र बांधून एक कारखाना केला. मोठी छपाई आली, चार रंग आले, बेडूक खोक्याखोक्यांनी जहाजावर चढले. पण गल्लीतल्या कारागिरांची एक सवय कारखान्यातही आली. छपाईत बिघडलेला पत्रा फेकायचा नाही. छापील बाजू खाली करून तो आतल्या पट्ट्यांसाठी प्रेसखाली घालायचा. आतली पट्टी कोण बघतंय! उलटा पत्रा म्हणायचे त्याला. थप्पी यायची ती पालथीच, वरचा पत्रा ओढायचा आणि घालायचा. उलटून कोणी बघत नसे. दिवसाला चार हजार पट्ट्या काढणाऱ्याला तेवढी सवड कुठून असणार?

त्या एका न बघण्याने आशिंगचं आयुष्य नासलं.

सदुसष्ट साली तो पंचवीस वर्षांचा होता. सात नंबरचा प्रेस त्याच्याकडे. आठही प्रेसचे मिस्त्री म्हणजे न्ये मिस्त्री, पत्रा कापायचे साचे, म्हणजे डाय, स्वतः घासणारे, हाताला सोन्याचं मोल असलेले. त्यांनीच आशिंगला चौदाव्या वर्षापासून घडवलं, कानफटात मारून मारून शिकवलं. त्यांची बायको बाओदी पॅकिंग खात्यात होती. ती आपल्या डब्यातलं डुकराचं मटण आशिंगच्या भातावर घालायची आणि वर म्हणायची, "खा मेल्या, प्रेसखाली वाळून पट्टी होशील एक दिवस." तो तिला काकू म्हणायचा.

त्या उन्हाळ्यात कारखान्यात खेळण्यांपेक्षा पक्षाच्या अध्यक्षांच्या चेहऱ्याचे डबे जास्त छापले जात होते. चहाचे डबे, बिल्ल्यांचे डबे, सगळ्यावर तोच चेहरा आणि मागे सूर्याचे किरण. छपाई हुकलेला पत्रा मोजून, सही करून, कारखान्याच्या क्रांती समितीच्या खोलीत कुलपात ठेवायचा असा कडक हुकूम होता. एक पत्रा कसा कोण जाणे उलट्या थप्पीत आला. आशिंगने तो ओढला, घातला, पायटा दाबत गेला. एकशेऐंशी पट्ट्या निघाल्या. मग पट्ट्या कापून उरलेली पत्र्याची जाळी भंगारात टाकायला त्याने उचलली आणि उन्हात ती उलटी झाली. जाळीच्या कडेला एक कान होता. कोणाचा कान ते सांगायला नको, सगळ्या देशाला तो कान पाठ होता.

जाळी आशिंगने दुमडली, पायाने चेचली, भंगाराच्या तळाशी कोंबली. पट्ट्या तोवर जोडणीला गेल्या होत्या. तो कोणाला काही बोलला नाही.

नऊ दिवसांनी तपासणीत एका बेडकाची स्प्रिंग अडकली. तपासनिसाने पोट उघडलं तर आत अध्यक्षांचा अर्धा चेहरा, कपाळातून दोन भोकं आरपार.

मग जे झालं ते ऐकायलाही छाती लागते. वार्निश खात्यातला फंग तेव्हा अध्यक्षांच्या नावाने धुडगूस घालणाऱ्या कारखान्यातल्या बंडखोरांचा पुढारी झाला होता. कालपर्यंत ब्रश धुणारा माणूस, आज दंडावर लाल पट्टी. त्याने प्रेस खात्यातल्या सगळ्यांना गुडघ्यावर बसवलं आणि कमरेच्या पट्ट्यांनी, लोखंडी सळ्यांनी, बेडकांच्या खोक्यांच्या फळ्यांनी झोडपायला सुरुवात केली. त्या आठवड्यात पट्ट्या दोनच प्रेसवर निघाल्या होत्या, तीनवर खुद्द मिस्त्री आणि सातवर आशिंग. पण सातवर मधेच डाय बदलून बेडकाचे पायही निघायचे, कधी काय याची नोंद कोणी ठेवत नसे. फंगने आशिंगचे केस धरून मुंडी वर केली. "तू काय कापत होतास?"

"पाय," आशिंग म्हणाला. "मी बेडकाचे पाय कापत होतो."

शेजारी न्ये मिस्त्रींचं डोकं रक्ताने भिजलेलं, एक डोळा सुजून बंद. ते म्हणाले, "पट्ट्या मी काढत होतो. माझ्याच हातून गेलं असेल."

त्यांना खरंच तसं वाटलं. ती पट्टी त्यांना कोणी दाखवलीच नाही. दाखवली असती तर एका क्षणात कळलं असतं, कारण प्रत्येक डायच्या धारेला कुठे ना कुठे बारीक खोच असते आणि ती कापलेल्या प्रत्येक तुकड्याच्या कडेला उमटते. न्ये मिस्त्री डोळे मिटून अंगठ्याने सांगायचे, हा दोनचा, हा पाचचा. पण पुरावा समितीच्या कुलपात होता आणि त्यांची मान खाली दाबलेली होती.

फंग म्हणाला, "ज्या हाताने केलं तो हात ठेवा." मिस्त्रींचा उजवा हात तीन नंबरच्या प्रेसवर धरला. चौघांनी धरला. आणि पायट्यावर आशिंगला उभं केलं. "तू त्याचा चेला ना? बघू कोणाचा आहेस ते."

आशिंगचा पाय उचलेना. मागून पाठीत सळई बसली. तेव्हा न्ये मिस्त्री त्याच्याकडे बघून म्हणाले, "दाब, पोरा. नाहीतर तुलाही घेतील."

त्याने दाबला.

बाओदीचं अर्धं डोकं भादरून तिला गळ्यात पाटी घालून खात्याखात्यातून फिरवलं. थुंकले लोक तिच्यावर, तिच्या हातचं खाल्लेले लोक. नवऱ्याला इस्पितळातून घरी आणल्यावर ती त्याला एवढंच म्हणाली, "अहो, एकदा उलटून बघायला काय झालं होतं तुम्हाला?" आणि दुसऱ्या दिवशी सूचोउ नदीच्या पुलावरून तिने खाली उडी टाकली. असं मरणाऱ्यांना तेव्हा गद्दार म्हणत. राखही दिली नाही घरच्यांना.

मिस्त्री बारा वर्षं कारखान्याचे संडास धूत राहिले. एकोणऐंशी साली एक सरकारी कागद मिळाला, त्यात लिहिलं होतं की चूक गंभीर होती परंतु शिक्षा प्रमाणाबाहेर झाली. असल्या कागदाला आग लावावी! पण मिस्त्रींनी तो घडी घालून उशीखाली ठेवला. चूक गंभीर होती हे त्यांना मान्य होतं.

आणि आशिंग दर रविवारी दुपारी त्यांच्याकडे जायचा. एकोणीसशे एकोणऐंशीपासून एक रविवार चुकला नाही. पिवळ्या दारूची बाटली, खारे शेंगदाणे, आणि बाजारात मिळालेलं एखादं खेळणं. मिस्त्री डाव्या हाताने खेळणं चाचपायचे, उजव्या मनगटाच्या बोडक्या टोकाने धरून ठेवायचे, जुन्या गोष्टी निघायच्या. पायटा दाबल्याबद्दल त्यांनी कधी एक शब्द काढला नाही, उलट एकदा त्यांची लेक आशिंगला टाकून बोलली तेव्हा तिलाच ओरडले होते, "त्याला काही बोलायचं नाही. मीच सांगितलं होतं दाबायला." पण दुसरा पेला रिकामा झाला की बोडकं मनगट समोर धरून म्हणायचे, "या हाताने बाओदीला मारलं. गेला ते बरं झालं. आधीच जायला हवा होता."

आता सांगू, आत्ता सांगू, असं आशिंगला व्हायचं. मग पेला तोंडाला लावायचा आणि शब्द दारूबरोबर गिळायचा. पुढच्या रविवारी नक्की. अठरा वर्षं असे पुढचे रविवार आले.

म्हणून तो बेडूक फाडत फिरायचा. एकशेऐंशीपैकी थोडे समितीने जप्त केले, बाकीचे देशभर गेले होते. एखादा जरी मिस्त्रींच्या डाव्या अंगठ्याखाली आला तर संपलं. म्हणजे सुरुवातीला तरी तो नष्ट करायलाच शोधत होता. नंतर नंतर, त्याच्या बायकोचं म्हणणं, तो सापडावा म्हणूनच शोधत होता. बायको युएफंग तोंडाने फटकळ. त्र्याऐंशी साली दारूच्या नशेत त्याने तिला सगळं सांगून टाकलं होतं, तेव्हापासून ती ते ऐकत होती.

"घरात माणसांपेक्षा बेडूक जास्त झालेत," ती म्हणायची. "तिकडे जाऊन त्या म्हाताऱ्याचं ऐकायचं आणि इकडे येऊन माझ्यापुढे रडायचं. मी काय पिंप आहे? सांगून टाक नाहीतर मरून जा एकदाचा!"

"कसं सांगू?"

"तोंडाने."

"ते मला दारात उभं करणार नाहीत गं."

"नको करू देत. ते स्वतःला शिव्या देतात त्या तरी थांबतील. तुला तुझी पडलीय."

खरं होतं ते, म्हणून त्याने त्या दिवशी हातातला चहाचा मग भिंतीवर फोडला.

ऑक्टोबरातल्या एका रविवारी सकाळी बाजारात क्वोंग शेठच्या पथारीभोवती गर्दी होती. हा क्वोंग हाँगकाँगचा, महिन्यातून एकदा यायचा, केसांना तेल, बोटात जेडची अंगठी. समोर मखमलीवर एक बेडूक पोट उघडून मांडला होता. आशिंगने मान पुढे केली. पट्टीच्या आतल्या बाजूला एक डोळा त्याच्याकडे बघत होता. अख्खा डोळा आणि वर भुवईचा तुकडा, दोनदा छापलेला, हललेला.

"हात नको लावू, खाटीक," क्वोंग हसून म्हणाला. "जगात असा दुसरा नाही."

"किती?"

"विकायचा नाही. लिलावात जाणार. फक्त एक कागद पाहिजे, कुठल्या प्रेसवरचा, कुठल्या सालचा. म्हणे झापेइ वस्तीत कोणी न्ये म्हातारा आहे, कडेला हात लावून प्रेस सांगतो. बुधवारी जातोय त्याच्याकडे."

आशिंगला कानात प्रेस चालल्यासारखं वाटलं. "जाऊ नकोस."

"का? तुझा सासरा आहे का तो?"

लोक हसले. पुढचं आशिंगला नीट आठवत नाही. त्याची मूठ क्वोंगच्या नाकावर बसली तेव्हा कडाक्कन आवाज झाला आणि रक्त मखमलीवर, खोक्यांवर, टेबल-टेनिस खेळणाऱ्या भावांवर उडालं. क्वोंग खाली पडला तरी आशिंग त्याच्या छातीवर बसून मारत होता. "तू जाशील? तू सांगशील त्यांना? तू कोण रे, भडव्या?" एका हमालाने कावडीचा बांबू आशिंगच्या कानावर घातला. कोणीतरी बरगडीत लाथ मारली. तो उठला, बेडूक मुठीत आवळला आणि गर्दीत डोकं घालून बैलासारखा बाहेर पडला. मागून पोलिसांच्या नावाने हाका चालल्या होत्या.

झापेइपर्यंत तो चालतच गेला. मिस्त्रींची गल्ली अर्धी पाडून झालेली होती, उरलेल्या भिंतींवर पाडायच्या खुणा रंगवलेल्या, तोंडाशीच विटामातीचा घराएवढा ढीग. ढिगाशी तो थांबला. मुठीतल्या पट्टीने तळवा कापला होता, रक्त गळत होतं. बेडूक त्या ढिगात टाकून वर दोन विटा लोटल्या की काम झालं. यंत्र येईल, सगळं उचलून नेईल. क्वोंग बुधवारी येऊन काय सांगेल? डोळा होता म्हणेल. कुठल्या प्रेसचा ते कोणाच्या बापाला कळणार नाही.

त्याने हात वर केलासुद्धा. पण भीतीचाही माणसाला कंटाळा येतो. तीस वर्षं एकच भीती चघळून चघळून त्याचं तोंड आंबलं होतं. तो हात खाली करून आत गेला.

मिस्त्री जेवायला बसले होते. शिळा भात गरम पाण्यात, मुळ्याचं लोणचं. आशिंगचा अवतार बघून त्यांनी जेवायच्या काड्या खाली ठेवल्या. "आज कोणाला मारलंस?"

"एका शेठला."

"नाक?"

"हो."

"शाबास," मिस्त्री हसले. "बस, भात घे."

आशिंग बसला नाही. त्याने बेडूक टेबलावर ठेवला, पट्टी वेगळी केली, छापील बाजू वर. मिस्त्रींनी डोळा पाहिला आणि त्यांचा चेहरा राखेसारखा झाला. ज्या पट्टीपायी मार खाल्ला ती ते तीस वर्षांत पहिल्यांदा बघत होते. मग सवयीने त्यांचा डावा अंगठा कडेवरून फिरला. एकदा फिरला. थांबला. पुन्हा फिरला.

"सात," ते म्हणाले.

त्यांनी पट्टी टेबलावर परत ठेवली.

"तू पाय कापत होतास."

"नाही. पट्ट्या कापत होतो. पत्रा माझा होता, मिस्त्री. मला त्याच दिवशी कळलं होतं. जाळीवर कान दिसला होता. मी लपवली."

"त्याच दिवशी?"

"हो."

"म्हणजे पायट्यावर उभा होतास तेव्हा तुला माहीत होतं."

"माहीत होतं."

मिस्त्रींनी चुलीचा लोखंडी चिमटा उचलला. पहिला घाव आशिंगच्या भुवईवर बसला, दुसरा तोंडावर. सत्त्याहत्तर वर्षांचा म्हातारा, डावा हात, पण प्रेसवरचा हात तो. आशिंग खाली पडला तसे ते त्याच्या पाठीत, खांद्यावर, डोक्याला झाकलेल्या बोटांवर घालत राहिले. भाताचा वाडगा उलटला. शेजारची वू आजी दारात येऊन किंचाळली, "अहो न्येभाऊ, मरेल तो! अहो, कोणी धरा यांना!"

"धरू नका," आशिंग जमिनीवरून ओरडला. त्याचा एक दात ओठात रुतला होता. "कोणी धरू नका त्यांना!"

शेवटी चिमटाच वाकला. मिस्त्री खाली बसले, भातात बसले. उजवं मनगट त्यांनी मांडीवर घेतलं आणि त्याच्याकडे बघत राहिले.

"याला मी कधी नीट धुतलंसुद्धा नाही," ते म्हणाले. "डाव्या हाताने धुताना शिव्या देत धुतलं. थंडीत ठणकायचा, तर म्हणायचो, ठणक, ठणक हरामखोरा." त्यांनी बोडक्या टोकावरून अंगठा फिरवला, जसा पट्टीवरून फिरवला होता. मग ते रडायला लागले, मोठ्याने, लहान पोरासारखे. वू आजी दारातून मागे सरकली.

आशिंग तसाच पडून होता. माफी मागायची त्याला हिंमत नव्हती आणि मागितली असती तर चिमटा दुसऱ्यांदा उठला असता.

बऱ्याच वेळाने मिस्त्रींनी बाहीने तोंड पुसलं. "ऊठ."

"हो."

"चल माझ्याबरोबर."

ते पुढे, हा मागे. एकाच्या अंगावर भाताची शितं, दुसऱ्याचं तोंड रक्ताने माखलेलं. गल्लीतली माणसं बाजूला झाली. मिस्त्री न थांबता सूचोउ नदीच्या त्याच पुलापर्यंत आले आणि मधोमध जाऊन कठड्याला टेकले. भर दुपार होती, सायकलींची रीघ लागलेली, खालून वाळूचा पडाव चालला होता.

"सांग," मिस्त्री म्हणाले.

"कोणाला?"

"तुझ्या काकूला."

आशिंगने खाली पाण्याकडे पाहिलं. सुजलेल्या ओठांनी तो पुटपुटला, "काकू, पत्रा माझा होता."

"मोठ्याने बोल. पॅकिंग खात्याची भिंत प्रेसला लागून होती. त्या आवाजाने तिला कमी ऐकू यायचं."

"काकू, पत्रा माझा होता!"

एका सायकलवाल्याने वळून पाहिलं. एक बाई पोराला ओढून दुसऱ्या बाजूला घेऊन गेली. आशिंगचा आवाज फाटला होता, नाकातून रक्त परत सुरू झालं होतं. त्याने मिस्त्रींकडे पाहिलं. म्हातारा कठड्यावर ओणवा झाला होता, कान पाण्याकडे करून.

"अजून मोठ्याने," ते म्हणाले. "माझ्यावर रागावून गेलीय ती."